टर्की पाळायचीय? आधी गिऱ्हाईक शोधा

मागच्या महिन्यात याच पानावर टर्कीच्या पिल्लांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून प्रश्न यायचे थांबतच नाहीयेत. निम्म्याहून जास्त प्रश्न पैशाचे, बाकीचे परवान्याचे आणि कायद्याचे. मला विचाराल तर हे दोन विषय वेगळे नाहीतच, टर्कीत कायदा हा खर्चाच्या वहीतलाच एक रकाना आहे. नियम देशोदेशी वेगळे असतात म्हणून मी जिथे हा धंदा खूप मोठा झालाय त्या अमेरिकेतले आणि युरोपातले नियम उदाहरण म्हणून घेतलेत. तुम्हाला लागू असलेलं कलम तुमच्या पशुवैद्यकीय खात्यात जाऊनच विचारा, पण नियमामागचं कारण बहुतेक सगळीकडे सारखंच असतं आणि ते कळलं की पुढचं सोपं जातं.

प्रश्न: डॉक्टर, माझी ब्रॉयलरची दोन शेड आहेत. टर्कीचा एक नर म्हणजे सात-आठ कोंबड्यांचं वजन आणि किलोला दरही जास्त सांगतात. मग ब्रॉयलर सोडून टर्कीच का करू नये?

उत्तर: वजनाचं खरं आहे, दराचंही बऱ्याचदा खरं असतं, पण या दोन आकड्यांबरोबर तिसरा आकडा कुणी सांगत नाही, तो म्हणजे दिवस. ब्रॉयलर सहा आठवड्यांत अडीच किलोच्या आसपास जाऊन शेडबाहेर पडतो आणि तोवर त्याने चार-सव्वाचार किलो फीड खाल्लेलं असतं. टर्कीची मादी विकायला १४ ते १६ आठवडे लागतात, जड नर काढायचा तर १८ ते २०. म्हणजे ज्या शेडमधून तुम्ही वर्षाला पाच-सहा बॅच काढता तिथे नरांच्या अडीच निघाल्या तरी खूप झालं. ब्रूडिंगचं, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देऊन वाढवायचं शेड वेगळं असेल तर आणखी एखादी बॅच बसते, मोठे फार्म म्हणूनच पहिले पाच-सहा आठवडे एका शेडमध्ये आणि पुढचे दिवस दुसऱ्या शेडमध्ये असं करतात.

आता फीड. एकूण खर्चात फीडचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के धरा. नर १९ किलोचा झाला आणि एफसीआर (एक किलो वजनाला किती किलो फीड लागलं तो आकडा) २.५ पडला तर त्या एका पक्ष्याने ४७-४८ किलो फीड खाल्लं, तेवढ्याच वजनाच्या ब्रॉयलरनी मिळून ३०-३२ किलोत काम भागवलं असतं. शिवाय टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्के प्रोटीनचं खाद्य लागतं, ब्रॉयलरच्या स्टार्टरमध्ये ते २२-२३ असतं, म्हणजे फीड जास्त आणि महागही. त्यामुळे किलोला दर जास्त मिळतो म्हणजे नफा जास्त मिळतो असं नाही, त्यातला बराच भाग खर्च भरून काढण्यातच जातो.

एक उदाहरण करून बघू. ५,००० नर टाकले, १० टक्के मरतूक धरली, ४,५०० पक्षी १८ किलोने विकले म्हणजे ८१,००० किलो जिवंत वजन. एफसीआर २.५ आला तर फीड लागलं दोन लाख अडीच हजार किलो. तोच २.७ आला, फक्त दोन दशांशांचा फरक, तर १६,२०० किलो फीड जास्त लागलं. सोळा टन! एवढा फरक फीडरची उंची चुकली, उंदीर झाले, लिटर म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं राहिलं, शेडमध्ये अमोनिया वाढला अशा साध्या साध्या गोष्टींनी पडतो. आणि मरतूक कधी झाली हेही बघायचं, पहिल्या आठवड्यात मेलेलं पिल्लू म्हणजे पिल्लाची किंमत गेली, १७व्या आठवड्यात मेलेला नर म्हणजे पस्तीस किलोच्या वर फीड मातीत गेलं. टक्केवारीच्या कागदावर दोन्ही एकसारखेच दिसतात, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की मरतूक टक्क्यात लिहू नका, आठवड्याप्रमाणे लिहा.

आणखी एक, पक्षी ठेवून ठेवून वजन वाढवत बसायचा मोह. पहिल्या आठवड्यांत दीड किलोच्या आत फीडमध्ये एक किलो वाढ मिळते, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच एका किलोला तीन किलोच्या वर फीड लागतं. गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून दोन आठवडे थांबलेला शेतकरी रोज पैसे घालवत असतो आणि त्याला वाटत असतं की वजन तरी वाढतंय ना. म्हणून हेडिंगमध्ये जे लिहिलंय ते मनापासून लिहिलंय. जड नर हा कापून, हाडं काढून, ब्रेस्ट वेगळा करून विकायचा माल आहे, एवढा अख्खा पक्षी कुठल्याच घरात एका वेळी शिजत नाही. प्रोसेसिंगवाला ठरलेला नसेल तर नराच्या वाटेला जाऊ नका, ७-८ किलोची मादी अख्खी विकता येते, सुरुवात तिथून करा.

ब्रॉयलर पूर्ण सोडू नका. पण शेड एकाच जागेवर असतील तर दोन्ही एकत्रही करू नका, का ते पुढे तिसऱ्या प्रश्नात आहे.

प्रश्न: टर्कीचं एक दिवसाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लाच्या कितीतरी पट महाग का? आणि आमची पहिल्याच आठवड्यात खूप मरतात, हॅचरी म्हणते तुमची चूक.

उत्तर: महाग असण्याला कारणं आहेत. अंडं उबायला २८ दिवस लागतात, कोंबडीला २१. ब्रीडर, म्हणजे पिल्लांसाठी अंडी घ्यायला ठेवलेली मादी एका हंगामात साधारण शंभर-सव्वाशेच अंडी देते. आणि आजची रुंद छातीची पांढरी जात इतकी जड झालीय की नराला नैसर्गिकपणे मेटिंग करताच येत नाही, त्यामुळे व्यावसायिक टर्कीत सगळं काम कृत्रिम रेतनावर चालतं, प्रत्येक मादीला हंगामभर पुन्हा पुन्हा हातात धरून. ही मजुरी पिल्लाच्या किमतीत येणारच. वर जगातलं जड टर्कीचं मूळ ब्रीडिंग दोन-तीन कंपन्यांच्याच हातात आहे, भाव करायला फार जागा नाही.

पहिल्या आठवड्यातली मरतूक मात्र बऱ्याचदा आपल्या हातात असते. टर्कीचं पिल्लू खाणं-पाणी शोधण्यात कोंबडीच्या पिल्लापेक्षा मागे असतं. पोटातला बलक चार-पाच दिवसांत संपतो आणि तोवर ते खायला शिकलं नाही तर फीडरच्या शेजारी उपाशी मरतं. मेलेलं पिल्लू उघडून बघा, चौथ्या ते सातव्या दिवसात मेलेलं असेल आणि पोट रिकामं किंवा नुसतं तूस भरलेलं असेल तर रोग शोधत बसू नका. पहिल्या दिवशी ब्रूडरखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, भरपूर उजेड, कागदावर पसरलेलं खाद्य, आणि आल्या आल्या जमतील तेवढ्यांची चोच पाण्यात बुडवायची. रात्री हात लावून गळ्याखालच्या अन्नपिशव्या तपासा, भरलेल्या लागल्या पाहिजेत. आणि पोट भरलेलं असूनही मरत असतील, नाभी ओली किंवा काळी असेल, तर मग हॅचरीशी बोला आणि फोटो काढून ठेवा.

पिल्लांबरोबर रोगमुक्तीचा कागद मागायचाच. अमेरिकेत १९३५ पासून नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन म्हणून योजना आहे, ऐच्छिक आहे पण तिच्याशिवाय पिल्लांचा धंदा करणं अवघड, त्यात ब्रीडर कळप पुलोरम, फाउल टायफॉइड आणि मायकोप्लाझ्मा या जंतूंच्या रोगांसाठी तपासतात. टर्कीसाठी मायकोप्लाझ्माच्या तीन जाती बघतात, गॅलिसेप्टिकम, सिनोव्ही आणि मेलिॲग्रिडिस. हे रोग अंड्यातून पिल्लात उतरतात, म्हणजे तुम्ही शेड कितीही धुतलं तरी उपयोग नाही, ते विकतच घेतलेले असतात. कागद नसेल तर स्वस्त पिल्लू घेऊ नका.

प्रश्न: परसात थोड्या कोंबड्या आहेत, त्यांच्यातच पन्नास टर्की सोडल्या तर चालेल का?

उत्तर: नाही. आणि ज्या जमिनीवर मागच्या दोन-तीन वर्षांत कोंबड्या फिरल्यात तिथेही नाही.

ब्लॅकहेड नावाचा रोग आहे, हिस्टोमोनास या एकपेशीय परजीवीमुळे होतो. कोंबडीच्या सिकममध्ये, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या भागात राहणाऱ्या जंताच्या अंड्यात तो बसून राहतो, ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळं त्यांना साठवून ठेवतात. कोंबडीला फारसं काही होत नाही, टर्कीचं मात्र सिकम आणि लिव्हर जातं, गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसायला लागते आणि अर्ध्याहून जास्त कळप जाऊ शकतो. पूर्वी यावर औषधं होती. युरोपने २००३ मध्ये शेवटचं फीडमधलं औषध निफुरसोल बंद केलं, अमेरिकेत नायटारसोन नावाचं आर्सेनिकचं औषध होतं त्याची मान्यता २०१५ च्या अखेरीस गेली. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी खाण्याच्या टर्कीला ब्लॅकहेडवर मान्यता असलेलं औषधच उरलेलं नाही. आर्सेनिक माणसाच्या पोटात जाऊ नये हे बरोबरच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही, पण याचा अर्थ असा की वेगळी जमीन, वेगळे बूट आणि वेगळा माणूस हेच आता औषध आहे आणि त्याचा खर्च हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

प्रश्न: कंपनी करारावर टर्की द्यायला तयार आहे. पिल्लं, फीड, औषधं त्यांची, शेड आणि मेहनत आमची. नवीन शेडसाठी कर्ज काढावं लागेल. सही करावी का?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आधी करार पद्धतीचं चांगलं सांगतो. फीडचा भाव वाढला, बाजार पडला, तरी तो फटका थेट तुमच्यावर येत नाही, आणि टर्कीत फीड ७० टक्के असेल तर हे संरक्षण छोटं नाही. गिऱ्हाईक शोधायचं नाही, कापायचं नाही, परवान्यांचा मोठा भाग कंपनी बघते. अमेरिकेत बहुतेक टर्की आज एकतर कंपनीच्या स्वतःच्या फार्मवर वाढते नाहीतर अशा करारावर, स्वतंत्र शेतकरी फार थोडे उरलेत.

आता दुसरी बाजू. कर्ज दहा-पंधरा वर्षांचं आणि करार बऱ्याचदा एका बॅचचा किंवा एक-दोन वर्षांचा, सगळा घोटाळा इथे आहे. टर्कीचं शेड दुसऱ्या कशाला फारसं उपयोगी पडत नाही, जवळ दुसरी कंपनी नसते, त्यामुळे कंपनीने दोन बॅचमधलं अंतर वाढवलं किंवा नवीन फॅन, नवीन कंट्रोलर लावा म्हटलं तर नाही म्हणायची ताकदच तुमच्याकडे राहत नाही. वर्षाला तीनऐवजी दोनच बॅच मिळाल्या तर हप्ता कुठून भरणार हे आजच कागदावर लिहा, कंपनीने दाखवलेल्या तक्त्यावरून नाही, स्वतःच्या हाताने.

कायद्याने काय मदत होते ते बघा. अमेरिकेत १९२१ चा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स ॲक्ट आहे, मुळात जनावरं कापून मांस विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आवरायला केलेला, पुढे तो पोल्ट्रीलाही लावला. त्यात करारावर वाढवणाऱ्याचे पैसे, ज्या आठवड्यात पक्षी कापले तो आठवडा संपल्यावर १५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. २००८ च्या फार्म बिल या शेतीच्या कायद्याने आणखी दोन गोष्टी आणल्या, सही केल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करता येतो आणि पुढे मोठी भांडवली गुंतवणूक करावी लागू शकते हे करारात ठळक लिहावं लागतं. विचार करा, हे कायद्यात लिहावं लागलं म्हणजे त्याआधी किती जणांना ते सही केल्यावर कळलं असेल.

तुमच्याकडे असा कायदा असो नसो, या गोष्टी तुम्ही करारात स्वतः मागू शकता. वर्षाला किमान किती बॅच, पैसे किती दिवसांत, वजन कुठल्या काट्यावर आणि तेव्हा तुम्ही हजर राहू शकता का, पिल्लं किंवा फीड खराब निघालं तर मरतूक कुणाच्या नावावर, आणि रोगामुळे कळप मारावा लागला तर भरपाईत तुमचा वाटा किती. शेवटचा मुद्दा विसरू नका कारण पक्षी कंपनीच्या मालकीचे असतात आणि भरपाई पक्ष्याच्या मालकाला मिळते. अमेरिकेत २०१५ च्या बर्ड फ्लूच्या साथीनंतर २०१६ मध्ये नियम करून ही भरपाई मालक आणि वाढवणारा यांच्यात वाटायची सोय करावी लागली.

कराराची मुदत कर्जाच्या निम्म्याएवढीही नसेल तर मी सही करणार नाही. हे माझं मत आहे, बँकवाला वेगळं सांगेल.

प्रश्न: घरीच कापून ओळखीत विकलं तर परवाना लागतो का?

उत्तर: किती आणि कुणाला यावर आहे, आणि इथे टर्कीवाल्यांसाठी एक खास गोष्ट आहे जी ब्रॉयलरवाल्यांना माहीत नसते. अमेरिकेत १९५७ च्या पोल्ट्री प्रॉडक्ट्स इन्स्पेक्शन ॲक्टपासून पोल्ट्रीची सरकारी तपासणी सक्तीची झाली, पण स्वतः वाढवलेले पक्षी स्वतः कापणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सवलत आहे. लोक तिला हजार पक्ष्यांची सवलत म्हणतात आणि टर्कीवाला खूश होतो. पण नियमात एक टर्की चार कोंबड्यांबरोबर धरलीय, त्यामुळे हजाराची मर्यादा टर्कीसाठी वर्षाला २५० होते, आणि तिच्या वरची जी वीस हजारांची सवलत आहे तिची मर्यादा ५,०००. त्यातही पक्षी तुमच्याच फार्मवर वाढलेला हवा, जागा स्वच्छ हवी आणि माल राज्याच्या हद्दीबाहेर जाता कामा नये, आणि राज्याचे स्वतःचे नियम आणखी कडक असू शकतात ते वेगळंच. युरोपातही तसंच, फार्मवर कापलेला थोडा माल थेट गिऱ्हाइकाला किंवा तिथल्याच दुकानाला देता येतो पण त्यापुढे मान्यताप्राप्त कत्तलखाना आणि सरकारी पशुवैद्यक आलाच.

यातून धंद्याचा एक मुद्दा निघतो. २५० टर्कींवर घर चालत नाही, आणि त्यापुढे गेलात की जागा, पाणी, थंड साखळी, सांडपाणी, कागदपत्रं यांचा खर्च एकदम उडी मारतो, हळूहळू वाढत नाही. मधल्या आकाराचे फार्म नेमके इथे अडकतात, घरगुती म्हणायला मोठे आणि प्लांट उभारायला छोटे. जवळच्या प्लांटमध्ये टर्की कापून मिळते का हे आधी विचारा, आणि नुसतं पोल्ट्री कापता का असं विचारू नका कारण ब्रॉयलरच्या लाइनचे शॅकल म्हणजे पक्षी उलटा टांगायचे आकडे, पिसं काढायचं मशीन, चिलर सगळं अडीच किलोच्या पक्ष्यासाठी बसवलेलं असतं, १५ किलोचा पक्षी त्यात जातच नाही. पिल्लं आणून चार महिने वाढवल्यावर हे कळलेले लोक मी पाहिलेत आणि त्यांची अवस्था बघवत नाही.

प्रश्न: एवढं वजन म्हणजे हार्मोन देत असणार, खरं सांगा.

उत्तर: नाही देत. अमेरिकेत पोल्ट्रीला वाढीसाठी हार्मोन द्यायला बंदी आहे, युरोपातही आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या टर्कीचं सरासरी वजन सात किलोच्या आसपास होतं, आज १४ किलोच्या वर आहे, ही करामत निवड पैदाशीची, फीडची आणि उजेडाच्या नियोजनाची आहे. लेबलवर हार्मोन नाहीत असं लिहायचं असेल तर तिथे सोबत हेही लिहावं लागतं की कायद्याने ते वापरायला मुळातच मनाई आहे. तेव्हा कुणी हार्मोन-फ्री म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

अँटिबायोटिकचा प्रश्न मात्र खरा होता आणि आहे. युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं. अमेरिकेने २००५ मध्ये एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक पोल्ट्रीतून काढलं कारण माणसात येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू त्या गटाच्या औषधांना दाद देईना, आणि २०१७ पासून माणसांसाठी महत्त्वाची अँटिबायोटिक्स फीडमध्ये घालायची तर पशुवैद्यकाचा लेखी आदेश लागतो. तुम्ही शेतकरी म्हणून एवढं करा, औषध दिलं की तारीख, डोस, शेड आणि विथड्रॉवल पिरियड (औषध बंद केल्यापासून पक्षी कापेपर्यंत थांबायचे दिवस) त्याच दिवशी वहीत लिहा. माल परत आला तर तुमच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच वही असते.

प्रश्न: बर्ड फ्लू आला तर सगळा कळप मारतात म्हणे. भरपाई पूर्ण मिळते का? आणि लस का देत नाहीत?

उत्तर: पूर्ण मिळत नाही. कुठे किती मिळते ते वेगवेगळं, पण तत्त्व बहुतेक ठिकाणी असं की मारताना जे पक्षी जिवंत होते त्यांचे पैसे मिळतात, आधी मेले त्यांचे नाहीत. टर्की या रोगाला कोंबडीपेक्षा जास्त नाजूक आहे, कमी विषाणूत लागण होते आणि एकदा शेडमध्ये शिरला की मरतूक दिवसागणिक दुपटीने वाढत जाते. म्हणजे तुम्ही दोन दिवस वाट बघितली तर भरपाईला पात्र पक्षीच उरत नाहीत. कळवायला लोक घाबरतात हे मला समजतं, पण पैशाच्या नजरेनेसुद्धा लगेच कळवणं हेच फायद्याचं आहे, नियमच मुळात तसा बनवलाय. ब्रिटनमध्ये आधी कळप मारून संपल्यावर जिवंत उरलेल्यांचा हिशेब व्हायचा, ऑक्टोबर २०२२ मध्ये तो बदलून मारायचं काम ठरवलेल्या वेळेला सुरू होतं तेव्हापासून भरपाई धरायला लागले, कारण कामाला उशीर झाला तर त्याची शिक्षा शेतकऱ्याला का.

काय मिळत नाही ते नीट ऐका. शेड रिकामं राहिलेले महिने. धुणं, निर्जंतुक करणं, तपासणी, पुन्हा परवानगी, मग पिल्लांचं बुकिंग, यात सहज तीन-चार महिने जातात, त्यात टर्कीची बॅच चार-साडेचार महिन्यांची, म्हणजे पुढचा पैसा दिसायला आठ महिने. तुम्हाला रोग झालाच नाही तरीही अडकता, युरोपात बाधित फार्मभोवती तीन किलोमीटरचा संरक्षण पट्टा आणि दहा किलोमीटरचा निगराणी पट्टा पडतो, त्यातून पक्षी हलवायला परवाना लागतो, आणि विकायचं वय झालेले नर तोवर रोज खात राहतात. म्हणून आठ महिन्यांचा हप्ता बाजूला नसेल तर पक्ष्यांची संख्या कमी ठेवा.

२०१५ मध्ये अमेरिकेत जवळपास पाच कोटी कोंबड्या आणि टर्की गेल्या, मिनेसोटा हे तिथलं टर्कीचं सगळ्यात मोठं राज्य, त्याला फार मोठा फटका बसला. विषाणू आला जंगली पाणपक्ष्यांकडून, पण नंतर गाड्या, माणसं, एकमेकांची वापरलेली यंत्रं यातूनही फार्मवरून फार्मवर गेला. त्यानंतर तिथे मोठ्या फार्मना लेखी बायोसिक्युरिटी प्लॅन, म्हणजे रोग फार्मबाहेर ठेवायची योजना असल्याशिवाय भरपाईच नाही असं झालं. मला हे अगदी योग्य वाटतं. शेडच्या दाराशी बूट बदलायची रेघ, बाहेरच्या गाडीचं चाक धुणं, मेलेला पक्षी उचलायला येणारी गाडी फाटकाबाहेर थांबवणं यात पैसे फार लागत नाहीत, रोज न चुकता करायची शिस्त लागते.

लसीचं म्हणाल तर लस आहे, फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. अडचण निर्यातीची आहे, लस दिलेल्या कळपात विषाणू लपून फिरतोय की नाही याची खात्री आयात करणाऱ्या देशाला हवी असते, ती पटली नाही तर ते मालच घेत नाहीत. हे बदलेल असं मला वाटतं, पण आज लसीवर भिस्त ठेवून शेड बांधू नका.

प्रश्न: सणाच्या वेळी मागणी सगळ्यात जास्त, मग तेव्हा टर्की स्वस्त कशी मिळते? आम्ही सणालाच विकायचं ठरवलंय.

उत्तर: अमेरिकेत नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगला नेमकं हेच होतं. अख्ख्या टर्की वर्षभर कापून फ्रीझरमध्ये साठवतात, सणापर्यंत कोल्ड स्टोरेज भरलेलं असतं आणि मोठी दुकानं टर्की तोट्यात विकतात कारण ती घ्यायला आलेलं कुटुंब बाकीचं सगळं सामान तिथूनच नेतं. त्यांचा नफा बाकीच्या सामानात असतो, तुमच्याकडे बाकीचं सामान नाही. तेव्हा गोठवलेल्या मालाच्या भावात तुम्ही उतरूच नका, हरणार.

छोट्याला जागा आहे ती ताज्या मालात. अमेरिकेत १९९७ पासून नियम आहे की उणे ३.३ अंशाच्या खाली गेलेली पोल्ट्री ताजी म्हणून विकता येत नाही, आणि गोठवलेली म्हणायला उणे १८ अंश लागतं. ताजा माल साठवता येत नाही म्हणून मोठे त्यात कमी उतरतात. पण मग तारखेत चूक चालत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १५ आठवड्यांची मादी कापायची तर पिल्लू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेडमध्ये हवं, अंडं जुलैच्या सुरुवातीला मशीनमध्ये हवं, आणि हॅचरीला त्याच्या कितीतरी महिने आधी सांगायला हवं. अर्धे पैसे आगाऊ घेऊन नावं लिहून घ्या, जेवढी नावं तेवढीच पिल्लं, वर मरतुकीची दहा टक्के. सण दुसऱ्या दिवशी संपतो, पक्षी मात्र खायचा थांबत नाही.

आणि सगळं वर्ष एका सणावर टाकू नका. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ख्रिसमसच्या तोंडावर बर्ड फ्लू आला आणि मोकळ्यावर वाढवलेल्या टर्कींपैकी जवळपास निम्म्या मेल्या किंवा माराव्या लागल्या. सरकारने पक्षी लवकर कापून गोठवून नंतर वितळवून विकायची सूट दिली, पण ज्यांचा कळपच गेला त्यांना तिचा काय उपयोग. अमेरिकेतही १९७० च्या सुमारास वर्षाचा निम्मा खप सणांचा होता, आता साधारण एक तृतीयांशच आहे, बाकी सगळा खिमा, स्लाइस, सॉसेज यात जातो. वर्षभर चालणारं एखादं हॉटेल किंवा खिमा करून घेणारा एखादा माणूस हा सणाच्या शंभर गिऱ्हाइकांइतकाच मोलाचा आहे.

प्रश्न: किती पक्ष्यांपर्यंत प्रदूषणाचा परवाना लागत नाही? आणि लिटर विकता येतं का?

उत्तर: अमेरिकेत ५५,००० टर्कींपासून फार्म मोठ्या गटात धरतात आणि पाण्याच्या प्रदूषणाचे कडक नियम लागतात, पण त्याहून छोटा फार्म थेट ओढ्यात घाण सोडत असेल तर तोही सापडू शकतो. युरोपात ४०,००० पोल्ट्री जागांच्या वर पर्यावरण परवाना ही बरीच वर्षं चालत आलेली मर्यादा आहे, नवीन नियमाने ती खाली येतेय. लिटर विकता येतं, नत्र आणि स्फुरद दोन्ही भरपूर असतात, पण माती तपासल्याशिवाय एकाच शेतात दरवर्षी टाकू नका कारण स्फुरद साचत जातो. ढीग झाकून ठेवा, पावसाचं पाणी त्यातून वाहायला नको, आणि गिऱ्हाइकाची ट्रॉली शेडपर्यंत येऊ देऊ नका, लिटर तुमच्या ट्रॅक्टरने फाटकापर्यंत आणून द्या. मेलेले पक्षी लिटरच्या ढिगात टाकायचे नाहीत, त्यांचा कंपोस्टचा खड्डा किंवा भट्टी वेगळी हवी आणि त्याची परवानगीही वेगळी असते, ती शेडच्या परवान्याबरोबरच मागून घ्या.